तीर्थनला निघालेल्या भाचीला

तुझ्या डब्यातली जिताड्याची आणि तांबोशीची लूर्स घरीच ठेव. १२-१४ सेंटिमीटरची ती जाड मिनो, तिच्या पोटाखालचे तिहेरी गळ, पुढची स्टीलची तार, ३० पौंडी ब्रेडचा दोर, हे सगळं खाडीच्या मुखाशी योग्य आहे. तांबोशी लूर घेते आणि त्याच दमात खडकाच्या कपारीत घुसते. तिला जागच्या जागी रोखावंच लागतं. हिमाचलातल्या तीर्थन नदीत तुझ्यापुढे असेल वीतभर, फूटभर, क्वचित त्याहून मोठा ब्राउन ट्राउट. दोर कापतील असे दात त्याला नसतात. पण नजर फार तीक्ष्ण असते, आणि एप्रिलच्या सकाळी तिथलं पाणी इतकं नितळ असतं की कमरेइतक्या खोलीवरचे गोटे स्वच्छ दिसतात. अशा पाण्यात तार दिसली की मासा तोंड फिरवतो.

रॉड साडेसहा-सात फुटांचा, २ ते १० ग्रॅमची लूर्स फेकता येतील असा घे. शेंडा नरम हवा. रील १००० किंवा २००० मापाचं पुरे. त्यावर ०.१८ मिलिमीटरचा तंगूस भर. ब्रेडची सवय सुटत नसेल तर ०.१० मिलिमीटरचा घे आणि पुढे दीड मीटर फ्लुरोकार्बन जोड. पण माझं ऐकशील तर पहिल्या खेपेला तंगूसच वापर. तो जरा ताणला जातो, माशाचा पहिला झटका सोसतो. स्पिनर फिरताना दोराला पीळ पडतो, तेव्हा पुढे एक बारीक स्विव्हल हवंच. आणि ड्रॅग दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर लाव. तांबोशीसाठी तू ड्रॅग आवळून ठेवतेस, ती सवय इथे सोडावी लागेल.

आता लूर. तू मला फोनवर पहिला प्रश्न रंगाचा विचारलास. नोकरीनं मला कुल्लू खोऱ्यात नेलं तेव्हा मीही बंजारच्या एका निवृत्त मास्तरांना तोच विचारला होता. मास्तरांच्या खिशात मोजकी चार-पाच लूर्स असायची. नदीवर पोचलं की ते आधी धोंड्यावर बसून पाणी बघत राहत, आणि मगच खिशात हात घालत. त्यांनी मला एक क्रम दिला, तो मी जसाच्या तसा तुला देतो: मासा कुठे उभा असेल, तो किती खोल असेल, लूर त्याच्यासमोरून किती वेगानं जायला हवं, मग लूरचा आकार, आणि रंग सगळ्यांत शेवटी. पहिल्या तीन गोष्टी जमल्या तर रंग चुकला तरी मासा लागतो. त्या तीन चुकल्या तर दुकानातले सगळे रंग आणलेस तरी उपयोग नाही.

मासा कुठे असतो, ते आधी. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि त्याला तीन गोष्टी लागतात: दम न लागता उभं राहता येईल अशी संथ जागा, अगदी जवळून खाणं वाहून नेणारी धार, आणि संकट आलं तर लपायला आडोसा. या तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे तो सापडतो. म्हणून वेगवान आणि संथ पाण्याचा सांधा शोध. पाण्यावर तो रेघेसारखा दिसतो, कधी फेस त्याच्यावरून एका ओळीत जाताना दिसतो. धोंड्याच्या मागे मासा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. धोंड्याच्या पुढेही असतो, हे फार थोडे लोक ध्यानात घेतात. प्रवाह दगडावर आदळून मागे रेटला जातो, त्यामुळे दगडाच्या तोंडाशी तळालगत पाण्याची एक संथ उशी तयार होते, आणि खाणं तिथे सगळ्यांत आधी येतं. मला मिळालेले चांगले मासे बरेचसे अशा पुढच्या जागांवरचे. डोहाचं तोंड, म्हणजे जिथे खळाळ डोहात शिरतो ती जागा, दिवसा उत्तम. डोहाचा शेवट, जिथे पाणी पुन्हा उथळ होऊन पुढच्या खळाळाकडे ओढ घेतं, ती जागा पहाटे आणि तिन्हीसांजेला. पोखरलेल्या काठाखाली, झाडाच्या बुडलेल्या मुळांत बहुधा मोठा आणि एकटा राहणारा मासा असतो.

गुशैनीला फलाचनचा ओढा तीर्थनला मिळतो. तिथे थोडा वेळ नुसतं उभं राहून बघ. दोन पाणी काही अंतर शेजारीशेजारी चालतात आणि मग मिसळतात. पाऊस झाला असेल तर एकाचा रंग वेगळा दिसतो. ती मधली सीमा म्हणजे तुला हवा असलेला सांधाच, ठळक करून दाखवलेला. एकदा तो डोळ्यात बसला की बाकीच्या नदीवरही दिसायला लागतो.

पाण्याजवळ जाताना खालच्या अंगानं, म्हणजे माशाच्या पाठीमागून जा. त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त थेट मागचा एक चिंचोळा पट्टा सोडून. पाण्याबाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. पृष्ठभागालगतच्या ठेंगण्या गोष्टी त्या खिडकीच्या कडेला दाबल्या जाऊन अस्पष्ट होतात. म्हणून वाकून चाल, गुडघ्यावर बसून फेक, उंच कातळावर उभी राहू नकोस. सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. कपडे मातकट, हिरवट रंगाचे घाल. बूट गोट्यांवर खरखरले की तो हादरा माशाला त्याच्या अंगाच्या बाजूच्या रेषेतून कळतो. आणि काठावर पोचताच पाण्यात उतरायची घाई करू नकोस. गुडघाभर पाण्यात, काठापासून हातभर अंतरावरही मासा असतो, आणि घाईनं उतरणारा माणूस सर्वांत आधी त्यालाच उठवतो. तो पळताना बाकीच्यांनाही सावध करतो. आधी जवळची फेक, मग मधली, मग पलीकडच्या काठाची.

लूर्सपैकी माझा जीव स्पिनरवर. दांड्याभोवती फिरणारं पातं, मागे थोडं वजन, गळ. पातं फिरतं तेव्हा चमकतं आणि पाण्यात थरथर सोडतं. गढूळ पाण्यातही ती माशापर्यंत पोचते. मेप्सचा अग्लिया हा फ्रान्समधला स्पिनर १९३८ पासूनचा आहे आणि आजही त्याच्याइतका भरवशाचा दुसरा मला माहीत नाही. ० नंबरचा साधारण अडीच ग्रॅमचा, १ नंबरचा साडेतीन ग्रॅमचा. तीर्थनसाठी हे दोन आणि एखादा २ नंबरचा घे. पात्याचा आकार मात्र नीट पारखून घे. रुंद, गोलसर पातं दांड्यापासून लांब फिरतं, पाणी जास्त अडवतं, त्यामुळे स्पिनर वर उचलला जातो. ते संथ आणि उथळ पाण्यासाठी. अरुंद, लांबट पातं दांड्याला चिकटून फिरतं, धारेत वर येत नाही, खोल राहतं, ते खळाळासाठी. पँथर मार्टिनचं पातं थेट दांड्यावरच ओवलेलं असतं, तो लवकर बुडतो आणि अगदी हळू ओढला तरी फिरतो. खोल डोहांसाठी तो एक जवळ असू दे.

मिनो घेशील तर ३ ते ५ सेंटिमीटरची. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये हातानं कोरलेल्या मिनोपासून जी जात निघाली तिच्यातली तरंगणारी एक आणि बुडणारी एक. तरंगणारीची एक युक्ती सांगतो. वाकलेल्या फांद्यांखाली तुला फेकता येत नाही ना? वरच्या अंगाला उभी राहा, मिनो पाण्यावर सोड, रीलचा बेल उघडा ठेव आणि प्रवाहाला तिला फांदीखाली नेऊ दे. मग बेल बंद करून ओढ घे. ती बुडी मारून डगमगत वर येऊ लागेल. बुडणारी मिनो सेकंदाला साधारण फूटभर उतरते, तेव्हा मनात आकडे मोजून तिला हव्या त्या खोलीवर नेता येतं. शेंड्याला छोटा झटका, थांबा, पुन्हा झटका. मासा बहुतेक वेळा थांबण्याच्या क्षणी घेतो. मोठे ब्राउन ट्राउट किड्यांपेक्षा लहान माशांवर जास्त जगतात, त्यामुळे तिन्हीसांजेला मोठ्याच्या मागे असशील तेव्हा मिनो बांध. धातूचा चमचा ४ ते ७ ग्रॅमचा एकच पुरे, खोल डोहात हळू ओढायला; तो डुलायला हवा, गरगरला तर तू घाई करते आहेस असं समज.

फेकीचा कोन ही खरी विद्या, इथे वेळ दे. प्रवाहाविरुद्ध, वरच्या बाजूला फेकलंस तर तू माशाच्या मागे असतेस, त्याला दिसत नाहीस, आणि लूर त्याच्याकडे धारेबरोबर येतं, एखादा घाबरलेला मासा येईल तसं. पण मग रील धारेपेक्षा थोडं जलद फिरवायला लागतं, नाहीतर पातं फिरतच नाही. पातं फिरतंय की नाही हे डोळ्यांनी नाही, हातानं ओळखायचं. रॉडच्या दांड्यात बारीक गुणगुण जाणवते. ती थांबली तर तीनच अर्थ: पातं शेवाळात अडकलं, तळाला लागलं, किंवा माशानं घेतलं. तिन्ही वेळा मनगटानं हलकी ओढ दे. पाण्यावर पडल्या पडल्या पातं सुरू व्हावं म्हणून लूर टेकताच एक झटका द्यायचा, तोही विसरू नकोस. उथळ पाण्यात मासा पहिल्या दोन हातांतच झडप घालतो.

आडवी फेक, जराशी वरच्या बाजूला कललेली, खोल धारेसाठी. लूर बुडू दे, रॉड उंच धर म्हणजे मधल्या जोरदार धारेवर दोर पडून लूर फरफटत नेलं जाणार नाही. मग ते कमानीसारखं वळत खाली येतं. वळण संपून ते सरळ होतं त्या क्षणी सगळं लक्ष हातात आण, कारण मागून येणारा मासा तिथेच निर्णय घेतो. थेट खालच्या बाजूला फेकून वर ओढणं सोपं वाटतं, म्हणून नवखे तेच करतात. तसं ओढलेलं लूर पृष्ठभागाकडे उचललं जातं आणि गळ माशाच्या उघड्या तोंडातून सहज निसटतो. फांद्यांखाली किंवा संधिप्रकाशात, लूर एका जागी धरून ठेवायचं असेल तेव्हाच ती पद्धत वापर.

मासा मागे येतो, नाकानं ढुशी दिल्यासारखं करतो आणि वळतो, असं होईल. तेव्हा हात लगेच डब्याकडे जातो. थांब. पुढच्या फेकीला वेग बदल. त्यानंतर कोन बदल: दहा पावलं सरकून दुसऱ्या बाजूनं फेक. नाहीच तर एक आकार लहान कर. तरीही नाही, तर त्या डोहाला पंधरा-वीस मिनिटं विसावा दे आणि वेगळ्या जातीचं लूर घेऊन परत ये. एकाच जागी एकच लूर पुन्हा पुन्हा फेकत राहिलीस तर तू त्या माशाला ते ओळखायला शिकवतेस.

रंगाचं आता सांगतो. स्वच्छ ऊन, नितळ पाणी: तांब्याचा किंवा मळकट सोनेरी, कमी चकाकणारा. ढगाळ हवा: चांदीचा. बर्फ वितळून पाणी दुधट झालं असेल: उजळ सोनेरी, किंवा अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके असलेला. संधिप्रकाशात काळा, खालून बघणाऱ्या माशाला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृती सर्वांत ठळक दिसते. एवढ्यावर तुझं भागेल.

दिवसाची वेळ तिथे बर्फ ठरवतं. रात्री वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे नदी उतरलेली आणि स्वच्छ असते. ऊन चढलं की वरचा बर्फ सुटतो आणि काही तासांनी ते पाणी तुझ्यापर्यंत पोचतं, गार आणि गढूळसर. एप्रिलपासून जूनपर्यंत उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंतचा वेळ सोन्यासारखा. पाणी फार गार असेल तेव्हा मासा सुस्त असतो, लांबवर धावत नाही: लूर खोल आणि हळू हवं, अगदी त्याच्या तोंडासमोरून. पाणी १२ ते १६ अंशांवर गेलं की तो मनापासून खातो. छोटा थर्मामीटर जवळ ठेव, फार कामाला येतो. पाऊस पडून पाण्याला चहासारखा हलका रंग आला तर आनंदानं जा. चिखल वाहत असेल तर खोलीवर बसून दोर बदल. पावसाळ्यानंतर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबर संपेपर्यंत नदी पुन्हा नितळ आणि कमी होते. ब्राउन ट्राउट विणीच्या तयारीत चिडखोर झालेला असतो, पण पाणी उथळ असल्यानं तितकाच बुजरा. त्या दिवसांत ० नंबरचा स्पिनर आणि लांब, हलकी फेक.

हा मासा तिथला मूळचा नव्हे, हे तुला माहीत असावं. फ्रँक मिचेल यांनी स्कॉटलंडहून काश्मिरात अंडी आणवली. १८९९ ची खेप वाया गेली, १९०० ची जगली. तिथून १९०९ मध्ये जी. सी. एल. हॉवेल यांनी कुल्लूत कटराईंजवळ महिलीला त्याची पैदास सुरू केली. रेनबो ट्राउटची शेती फार नंतरची, पतलीकुहलला नॉर्वेच्या मदतीनं वाढलेली. म्हणून मत्स्यशेतीच्या तळ्यांच्या खालच्या पाण्यात तुला एखादा सुटलेला रेनबो लागेल. तो लागताच हवेत उडी घेईल. त्या क्षणी शेंडा खाली कर, दोर सैल पडू दे, नाहीतर झटक्यानं तुटेल. ब्राउन उडी क्वचित मारतो, तो खाली मुंडी घालून धोंड्यांकडे जातो. त्याला रॉड आडवा करून बाजूनं वळव. आणि या दोघांच्या आधीपासून त्या पाण्यात असलेला असेला गळाला आला तर त्याला सर्वांत जास्त जपून सोड. त्याची संख्या घटली आहे, आणि नदी त्याची आहे.

गळांचं काम घरूनच करून ने. स्पिनरचा तिहेरी गळ काढून ६ किंवा ८ नंबरचा एकेरी गळ बसव आणि टोकामागचा उलटा काटा पकडीनं चेपून टाक. दोर ताठ राहिला तर मासा सुटत नाही, सोडताना मात्र एका बोटाच्या हालचालीनं गळ निघतो. तिहेरी गळ एखाद्या लहान ट्राउटच्या कल्ल्यापर्यंत गेला की तो मासा सोडून काही उपयोग नसतो. हात ओला केल्याशिवाय माशाला शिवू नकोस. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पाण्यातच ठेवून गळ काढ. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेव, मासा तुझा श्वास रोखून जमेल तेवढाच वेळ बाहेर. मग त्याला पोटाखालून अलगद धरून तोंड प्रवाहाकडे कर आणि तो स्वतः झेप घेईपर्यंत थांब. पाणी २० अंशांच्या वर गेलेलं दिसलं तर त्या दिवशी मासेमारी बंद. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरतो.

१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. मादी शेपटीनं बारीक खडी साफ करून त्यात अंडी पुरते. पिल्लं वसंत येईपर्यंत खडीतच असतात, म्हणजे हंगाम उघडल्यावरही. डोहाच्या शेवटाला भोवतालच्या शेवाळी तळापेक्षा उजळ, धुतल्यासारखा खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नकोस. वळसा घालून जा, वेळ गेला तरी चालेल. परवाना मत्स्य विभागाकडून काढ आणि त्यावरचे नियम, किती मासे, केवढे, कोणतं आमिष, शब्दन् शब्द वाच.

लूर तळाला अडकलं तर त्याच्यामागे पाण्यात जाऊ नकोस. बेल उघड आणि बराच दोर सोड. प्रवाह त्या दोराचा फुगा खाली घेऊन जाईल. मग झटका दे. ओढ खालच्या बाजूनं बसते आणि पुष्कळदा गळ मोकळा होतो. नाही झाला तर दोर तोड. तीन-चारशे रुपयांसाठी त्या धारेत उतरायचं नाही. तीर्थनवर वरच्या अंगाला मोठं धरण नाही, पण डोंगरात पडलेला पाऊस दिसत नाही, फक्त पोचतो. पाण्यात अचानक काटक्या आणि पानं वाहू लागली, खळाळाचा सूर जड झाला, किंवा काठावरचा मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, की लगेच काठ चढ. लारजीच्या खाली व्यास नदीवर तर थांबूच नकोस. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून सुटलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ती मुलं दगडांवर उभी होती, पाणी तोवर शांत होतं. नदीच्या मधल्या धोंड्यावर जाऊन फेकायचा मोह तुला होईल, कारण तिथून सांधा हाताशी येतो. काठावरून जेवढं पाणी गाठता येईल तेवढंच आपलं.

औटच्या बोगद्याआधी लारजीवरून बंजारचा रस्ता लागतो. बंजारलाच रोकड काढून ठेव. लूर्स शक्यतो पुण्या-मुंबईहूनच घेऊन जा. नदीत उतरायचे बूट घट्ट पकड घेणाऱ्या तळाचे हवेत, गोटे बुळबुळीत असतात. आणि एप्रिलमध्ये ते पाणी हाडात शिरतं, तेव्हा लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या जास्त घे.